वीज आयोगापुढे आणि दिल्लीत बाजू मांडताना या चुका टाळा

वीजदराच्या जाहीर सुनावणीत एक प्रसंग ठरलेला असतो. कुणीतरी चिडून उठतो, खिशातून घडी घातलेलं बिल काढतो आणि सांगतो, "साहेब, घर बंद होतं तरी एवढं बिल आलंय." आयोगाचे सदस्य ऐकून घेतात, कंपनीच्या अधिकाऱ्याला लक्ष घालायला सांगतात आणि पुढचं नाव पुकारलं जातं. माणूस समाधानाने खाली बसतो. तक्रार मात्र होती तिथेच राहते, कारण ती सुनावणी तिच्यासाठी नव्हतीच.

या क्षेत्रात नव्याने येणारे वकीलही जरा वेगळ्या भाषेत हेच करतात. वीज अधिनियम 2003 मध्ये प्रत्येक वादाचं दार वेगळं आहे. चुकीच्या दारात सहा महिने बसलं की योग्य दाराची मुदत निघून जाते.

वैयक्तिक बिलाचा वाद वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली, आयोग आणि रिलायन्स एनर्जी यांच्यातल्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं आहे. असा वाद कलम 42(5) खालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे न्यायचा आणि तिथला निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जावं लागतं आणि मंचाच्या आदेशानंतर 60 दिवसांत लोकपालांकडे. शाखा कार्यालयात दिलेल्या अर्जांची पोच जपून ठेवा, पण त्या पोचेच्या भरवशावर थांबू नका. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

कलम 126 ची नोटीस आली तर मंचही उपयोगाचा नाही, आणि इथली चूक सगळ्यात महाग पडते. घरगुती जोडणीवर दुकान चालवलं किंवा मंजूर कारणाऐवजी भलत्याच कामासाठी वीज वापरली, असा ठपका ठेवून कंपनीचा अधिकारी तात्पुरती आकारणी करतो. ती लागू दराच्या दुप्पट असते. ग्राहक तिला 'चुकीचं बिल' समजून मंचात जातो, मंच 'आमच्या अधिकारात नाही' म्हणून कागद परत करतो आणि तोवर अंतिम आदेश होऊन जातो. खरा रस्ता असा: तात्पुरत्या आकारणीवर त्याच अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यायची, अंतिम आदेश विरोधात गेला तर 30 दिवसांत कलम 127 खाली अपील करायचं. महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकांपुढे चालतं आणि त्याआधी आकारलेल्या रकमेची निम्मी भरावी लागते. पक्षकाराला हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा. पैशांची जुळवाजुळव तिसाव्या दिवशी होत नाही.

वीजनिर्मिती कंपनी आणि वितरण कंपनी यांच्यातला वाद कलम 86(1)(एफ) खाली राज्य आयोगाकडे जातो. पण प्रकल्पातून एकाहून अधिक राज्यांना वीज विकण्याची एकत्रित योजना असेल तर कलम 79 लागतं आणि प्रकरण केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे, दिल्लीला. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 एप्रिल 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालात हाही मुद्दा निकाली निघाला. तो निकाल लक्षात राहतो तो मात्र कोळशामुळे. इंडोनेशियातल्या कायद्याने कोळसा महागला म्हणून गुजरातमधल्या मुंद्रा प्रकल्पांना वाढीव दर हवा होता. न्यायालयाने ती दैवी आपत्तीसारखी अनपेक्षित अडचण मानली नाही आणि करारातला 'कायद्यातील बदल' म्हणजे भारतातल्या कायद्यातील बदल, असा अर्थ लावला. भारतातच कोळशाचं वाटप घटलं त्याचा फायदा मात्र दिला. वीजखरेदी करार तपासताना अजूनही लोक 'कायदा' या शब्दाची व्याख्या न वाचता थेट 'बदल' शोधायला लागतात.

आणखी एक गल्लत शब्दांची आहे. अधिनियम संसदेचा, नियम सरकारचे, विनियम आयोगाचे. मराठीत तिन्ही शब्द सारखे वाटतात, न्यायालयात तसं चालत नाही. आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'अपटेल'मध्ये होतं. पण आयोगाचा विनियमच बेकायदा आहे असं म्हणायचं असेल तर अपटेल चालत नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पीटीसी इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 साली ही रेघ मारून दिली.

आता दरवाढीवरच्या हरकतींकडे वळू. आलेल्या सूचना-हरकतींचा विचार केल्याशिवाय आयोगाला कलम 64 खाली दर ठरवता येत नाहीत. एवढा अधिकार हातात असताना लोक लिहितात काय? 'दरवाढ अन्यायकारक असून ती तत्काळ रद्द करावी.' शंभर संघटनांच्या नावाने एकच मसुदा, फक्त लेटरहेड वेगळं. आदेशात त्या सगळ्यांची एका परिच्छेदात बोळवण होते आणि ती होणारच, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं.

कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेची पानं पाहून घाबरू नका. मागच्या आदेशात आयोगाने मंजूर केलेला आकडा एका बाजूला आणि कंपनीने आता मागितलेला दुसऱ्या बाजूला, असा तक्ता आधी करा. जिथे फरक मोठा, तिथे कारण काय दिलंय ते पाहा. मग वितरण हानी (म्हणजे ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच गळणारी वीज) आणि कृषिपंप ही जोडी एकत्र वाचा. ही जोडी महाराष्ट्रात जुनी आहे. समजा जाळ्यात 100 युनिट आली आणि मीटरवर 60 विकली गेली. मीटर नसलेल्या पंपांनी 25 वापरली असं धरलं तर हानी 15. तोच अंदाज 30 धरला तर हानी आपोआप 10 वर येते, तारेतून गळणारी वीज मात्र तेवढीच. म्हणून पंपांचे तास, अश्वशक्ती आणि फीडरच्या (उपकेंद्रातून वीज नेणाऱ्या वाहिनीच्या) नोंदी यांचा मेळ बसतो का, एवढा एकच प्रश्न नेमकेपणाने विचारला तरी कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर रेकॉर्डवर येतं आणि पुढे अपिलात तेच कामाला येतं. हरकतीत न घेतलेला मुद्दा अपटेलमध्ये पहिल्यांदा काढला तर समोरचा वकील सर्वात आधी त्यावरच बोट ठेवतो.

वीज शुल्कावर हरकत घेऊन जागा वाया घालवू नका. घरगुती बिलातला 16 टक्क्यांचा तो आकडा राज्य सरकारच्या कायद्याने येतो, आयोगाच्या आदेशाने नाही. तसंच मंत्र्यांनी सभेत जाहीर केलेली सवलत म्हणजे दर नव्हे. सरकारला सवलत द्यायची असेल तर कलम 65 प्रमाणे तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. ती भरली नाही तर आयोगाने ठरवलेलाच दर लागू राहतो.

जुन्या थकबाकीच्या मागणीवर कलम 56(2) दाखवून 'दोन वर्षं उलटली, विषय संपला' असं पक्षकाराला सांगणारे अजून भेटतात. (मीही एकेकाळी सांगायचो.) रहमतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये सांगितलं की कंपनीच्या प्रामाणिक चुकीमुळे कमी आकारणी झाली असेल तर दोन वर्षांनंतरही पुरवणी मागणी करता येते, फक्त त्यासाठी वीज तोडता येत नाही. पक्षकाराची बाजू बळकट करायची असेल तर ती रक्कम बिलात पहिल्यांदा केव्हा दिसली आणि मग सलग दाखवली गेली का, हे बिलांवरून शोधा. उत्तर त्या चळतीत असतं.

आदेश लागला की फाइल कपाटात टाकायची सवयही मोडा. महावितरणचा दर आदेश 28 मार्च 2025 ला निघाला, 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. 2 एप्रिलला आयोगानेच त्याला स्थगिती दिली आणि 25 जूनला फेरविचाराचा आदेश आला. ज्यांनी मार्चच्या आकड्यांवर कारखान्याचं वर्षाचं अंदाजपत्रक बसवलं होतं त्यांना ते तीन महिन्यांत दोनदा करावं लागलं. अपटेलसाठी 45 दिवस असतात आणि ते आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजायचे. प्रत कोणत्या तारखेला हाती आली, ते पाकिटावरच लिहून ठेवा.

आता दिल्ली. वीज हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला, नोंद 38 चा विषय. पण 2003 चा अधिनियम संसदेचा आहे, त्यामुळे तो बदलायचा असेल तर आमदारांना निवेदन देऊन फोटो छापून आणण्याने काही होत नाही. 8 ऑगस्ट 2022 ला लोकसभेत वीज सुधारणा विधेयक मांडलं गेलं आणि संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीकडे गेलं. देशभर मोर्चे निघाले. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झालं. विरोधकांनी पेढे वाटले असतील. दरम्यान 29 डिसेंबर 2022 ला केंद्राने नियमांत दुरुस्ती केली आणि वीजखरेदीचा वाढीव खर्च ग्राहकाकडून आपोआप वसूल करण्याची तरतूद त्यात आणली. जून 2022 चे हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाचे नियमही तसेच आले. त्यांनी 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक भाराच्या ग्राहकाला थेट हरित वीज विकत घेण्याचं दार उघडलं. सगळ्यांचे डोळे विधेयकाकडे असताना बिलावर परिणाम करणारं बरंच काही नियमांच्या वाटेने आत शिरलं. ऊर्जा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा फेरी मारणं हे म्हणूनच कामाचा भाग आहे.

मसुदा हाती आला की घाई होते. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे असावा, पण एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना, वीज सुधारणेच्या मसुद्यावर आधी 21 दिवसच दिले होते. मुदत वाढली ती नंतर. म्हणून वाढवून मागायचं पत्र पहिल्या आठवड्यातच पाठवा आणि ती मिळेल असं धरून बसू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये नवा मसुदा आला तेव्हाही ज्यांच्याकडे 2022 च्या विधेयकावरचं जुनं टिपण तयार होतं त्यांचं निम्मं काम झालेलं होतं.

निवेदनात 'खाजगीकरण नको' हे एक वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहून टाका, मन मोकळं होईल. मग चार रकाने आखा: सध्याचं कलम, प्रस्तावित बदल, तुमची सुचवलेली शब्दरचना, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. समितीच्या सचिवालयात बसलेल्या माणसाला अहवालात उचलून घालता येईल असं वाक्य तिथे हवं असतं, आणि ते इंग्रजीतही हवं. एक प्रत राज्याच्या ऊर्जा विभागाला पाठवा, कारण केंद्र राज्यांचं मत मागवतं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यालाही तयार मजकूर हवाच असतो. आणि नियम अधिसूचित झाल्यावरही कलम 179 खाली ते संसदेच्या पटलावर 30 दिवस राहतात, आणि त्यानंतरचं अधिवेशन संपण्याआधी दोन्ही सभागृहं मिळून त्यांत बदल करू शकतात. या खिडकीतून डोकावणारा खासदार क्वचितच सापडतो, पण तुमच्या मतदारसंघातल्या खासदारांच्या स्वीय सहायकाला एक पानी टिपण देऊन यायला काय हरकत आहे?