घोडीच्या पायांची खाज अशी घालवली

थंडी पडली की आमची शायर (पायांवर दाट केस असलेली अवजड इंग्लिश जात) घोडी रात्रभर पाय आपटायची, दाताने करकर खाजवायची. खुरांवरचे दाट केस बाजूला केले तर खाली नुसत्या खपल्या आणि ओलसर लाली. पशुवैद्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: कोरिऑप्टिस माइट, म्हणजे कातडीवरचे बारीक परजीवी किडे. हे कातडीच्या वरवरच राहून कोंड्यावर जगतात, म्हणून नुसतं आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचं इंजेक्शन बरेचदा पुरत नाही.

रूप गेलं तर गेलं, केस मशीनने आखूड कापले. सेलेनियम सल्फाइड शाम्पूने पाय धुऊन खडखडीत वाळवले, मग डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं. अंडी त्यातूनही वाचतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. सोबतच्या घोड्यांनाही सोडलं नाही, खाज असो-नसो. पेंढा सगळा बदलला. घोड्याशिवायही हे किडे कित्येक आठवडे तग धरतात. आता आपटणं थांबलंय, पण हिवाळाभर केस वाढू देणार नाही.