गच्चीवर मांडा प्लूटो आणि सौरवारा

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. आयुकात गर्दी उसळते, शाळा-कॉलेजांतही मॉडेलं मांडली जातात. त्यासाठी प्लूटो आणि सौरवारा (सूर्याकडून सतत वाहणारा भारित कणांचा झोत) यांचं हे मॉडेल करायचं तर टेबल पुरणार नाही. सोसायटीची गच्ची, खडू, सहा मीटर सुतळी आणि २ सेंटिमीटर व्यासाची सुपारी घ्या. सुपारी म्हणजे प्लूटो (त्रिज्या १,१८८ किमी). तिच्यापासून १६.५ सेंटिमीटरवर काबुली चणा ठेवला की प्लूटोचा चंद्र शॅरन झाला.

आधी सौरवाऱ्याचा दाब काढा: घनता × प्रोटॉनचं वस्तुमान × वेगाचा वर्ग. १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेलं तेव्हा वाऱ्याचा वेग सेकंदाला ४०३ किमी होता आणि घनसेंटिमीटरमागे ०.०२५ प्रोटॉन. घनमीटरसाठी दहा लाखांनी गुणायचं राहून जातं, तिथेच बहुतेकांचं उत्तर बिघडतं. उत्तर सुमारे ६.८ पिकोपास्कल (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग) यायला हवं. प्लूटो तेव्हा सूर्यापासून पृथ्वीच्या ३३ पट दूर होता म्हणून पृथ्वीजवळच्या ६ प्रोटॉनना ३३ च्या वर्गाने भागून घनता धरलीत, तर दाब जेमतेम १.५ पिकोपास्कल येईल. त्यात तुमची चूक नाही. वाऱ्यात नुकत्याच येऊन गेलेल्या आघातलाटेमुळे (वारा एकदम दाबणाऱ्या लाटेमुळे) त्या दिवशी वारा दाट होता.

आता खरा सापळा. प्लूटोच्या पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण १ पास्कल. तो वाऱ्याच्या दाबाशी तोलून वारा कुठे अडतो ती सीमा काढायचा मोह होतो. काढू नका. विद्युतभार नसलेला रेणू वाऱ्याला जवळपास जाणवतच नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्लूटोच्या हवेतल्या मिथेनचा इलेक्ट्रॉन उडाला की उरलेल्या भारित रेणूचं, म्हणजे आयनाचं, ओझं वाऱ्याला ओढावं लागतं, आणि वारा मंदावतो. सूर्याच्या बाजूला सुपारीच्या केंद्रापासून ४.५ सेंटिमीटरवर पहिली रेघ ओढा: इथे वेग २० टक्के घटतो. २.५ सेंटिमीटरवर दुसरी: हिच्या आत प्लूटोचेच आयन. उलट दिशेला शेपूट मीटरभराहून लांब.

सुतळी आता लागेल. मिथेनचा आयन वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राभोवती किती त्रिज्येने फिरतो? (वस्तुमान × वाऱ्याचा वेग) भागिले (भार × क्षेत्र). क्षेत्र ०.१ नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) धरलं तर ६.७ लाख किमी, म्हणजे गच्चीवर ५.६ मीटर! ०.३ धरलं तरी १.९ मीटर. एवढा मोठा फेरा असताना धूमकेतूसारखी दोन्हीकडे सारखी आकृती काढली तर ती चूकच. आयन एकाच बाजूला फेकले जातात. कोणत्या, हे क्षेत्राच्या दिशेवर ठरतं, आणि ते मोजायला न्यू होरायझन्सवर चुंबकत्वमापक नव्हता. म्हणून फेरा दोन्ही बाजूंना तुटक रेघेने काढा, मध्ये ‘किंवा’ लिहा.