मस्कारा लावताना या चुका टाळा

लग्नसराईत लाल, चुरचुरणारे डोळे घेऊन मुली मेकअपला बसतात आणि विचारतात, "ताई, हे झाकता येईल ना?" सुजलेला डोळा झाकता येत नाही. तो बरा होईपर्यंत त्यावर काही लावायचंच नाही.

सगळ्यांत जास्त राग येतो तो एकच मस्कारा चौघींनी वापरण्याचा. नाशिकजवळच्या एका लग्नात मेहंदीच्या रात्री नवरीची ट्यूब बहिणी-मैत्रिणींत फिरली. एकीच्या डोळ्यांना चिपडं येत होती, ती म्हणाली जागरणामुळे. लग्नाच्या सकाळी मी पोचले तर नवरीचा उजवा डोळा चिकटून बंद. मावशी म्हणतात, "थोडं लाव गं, फोटो आहेत." मी नाही लावलं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मग डोळे सोडून बाकी मेकअप केला. ती ट्यूब कचऱ्यात टाकली तेव्हा करवली म्हणते, "अहो, अर्धी भरलीय अजून!"

मी प्रत्येक डोळ्याला नवा डिस्पोजेबल ब्रश घेते आणि एकदा पापणीला लागलेला ब्रश पुन्हा ट्यूबमध्ये घालत नाही. घरी एवढं नको, पण आपली ट्यूब सख्ख्या बहिणीलाही द्यायची नाही.

दुसरी चूक म्हणजे सुकलेल्या मस्काऱ्यात पाण्याचे थेंब घालणं. गुलाबपाणी घालणाऱ्या आहेत, थुंकी लावणाऱ्याही आहेत! त्यानं मस्काऱ्यातलं जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि जंतू आत जातात. उघडल्याची तारीख मी ट्यूबवर चिकटवते आणि तीन महिन्यांनी ती फेकते, मग उघडल्यावर किती दिवस वापरायचं हे सांगणाऱ्या उघड्या डबीच्या चिन्हावर ६ महिने का लिहिलेले असेनात. महाग वाटत असेल तर छोटी ट्यूब घ्या. आणि ब्रश आतबाहेर पंपासारखा मारू नका. घाई असणाऱ्या सगळ्याजणी हेच करतात. हवा आत जाते आणि मस्कारा लवकर सुकतो.

चालत्या रिक्षात किंवा लोकलमध्ये लावू नका, एका धक्क्यात बुबुळाला ओरखडा जातो. लेन्स आधी घाला, मस्कारा नंतर. रात्री आधी लेन्स काढा. वॉटरप्रूफ रोज नको, तो काढताना पापण्यांचे केस तुटतात. पापणीच्या अगदी कडेला थापू नका, तिथे तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात.

मस्कारा न काढता झोपणं आणि चोळून काढणं, दोन्ही वाईट. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवायचा, मग वरून खाली हलकेच पुसायचं. डोळ्याखालची कातडी पातळ असते, रोज ओढू नका.

हल्ली पापण्यांना केसांचा काळा रंग लावायचं खूळ निघालंय. कृपा करून करू नका. १९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्यांच्या रंगानं बायकांची दृष्टी गेली होती. त्यात पॅराफिनिलीनडायअमाइन नावाचं रंगाचं रसायन होतं आणि तेच आजही बऱ्याच हेअर डायमध्ये, काळ्या मेहंदीत असतं.

रांजणवाडी आली तर स्वच्छ कपडा कोमट पाण्यात बुडवून शेका, फोडू नका. डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाटातले जुने ड्रॉप्स घालू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं.