नवीन क्रेडिट कार्डाचा अर्ज भरण्याआधी

हिंजवडीत नोकरी लागली की कार्ड विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. लगेच हो म्हणू नका. आधी सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल पाहा. वर्षातून एकदा तो पूर्ण मोफत मिळतो. त्यातला स्कोअर, म्हणजे तुमची पत दाखवणारा आकडा, ७५०च्या पुढे असला तर बरं. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज केलेत, तर प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअर घसरतो.

खरी मेख व्याजात. लक्ष्मी रोडवर ४०,००० ची खरेदी केलीत आणि बिलातली ‘किमान रक्कम’, समजा २,०००, तेवढीच भरलीत, तर उरलेल्या ३८,००० वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एटीएममधून रोख काढलीत तर पहिल्या दिवसापासून व्याज (ते टाळाच).

कार्ड ‘लाइफटाइम फ्री’ (वार्षिक फी कधीच नाही) असं सांगितलं, तर ते लेखी घ्या. आधारवर गावचा पत्ता असेल, तर इथल्या पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला भाडेकरार जवळ ठेवा.