बॅकअप घेतलाय खरा, पण तो परत येतो का?

सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर मी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम बघायचो. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर बॅकअप व्हायचा, 'पूर्ण झाला' असा मेसेजही यायचा. कॉम्प्युटर बसला तेव्हा कळलं, की बॅकअप जुन्या वर्षाच्याच 'कंपनी'चा (टॅलीत हिशेबाच्या एका वहीला कंपनी म्हणतात) होत होता. १ एप्रिलला उघडलेली नवी कंपनी मी यादीत टाकलीच नव्हती. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्या) कागदांवरून एकेक करून पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हापासून मी मेसेजवर विसंबत नाही.

आधी बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून, म्हणजे परत उतरवून बघा. त्यासाठी नवा, रिकामा फोल्डर घ्या. चालू डेटावर रिस्टोर केलात तर आहे तेही पुसलं जाईल. मग तीन गोष्टी तपासा. सगळ्या कंपन्या आल्या का? शेवटचं व्हाउचर (व्यवहाराची नोंद) बॅकअपच्या दिवसाचंच आहे का? बॅकअपच्या वेळी ट्रायल बॅलन्सची (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीची) प्रिंट काढून ठेवली असेल, तर तिच्याशी बेरीज पैशापर्यंत जुळते का? किती वेळ लागला तोही लिहून ठेवा. ऐन हंगामात पेढी तेवढा वेळ थांबू शकते का, हे त्यावरूनच ठरतं.

नंतर प्रती मोजा. मूळ डेटा धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर ती मी सुरक्षित प्रत मानत नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर जोडलेली डिस्कही लॉक करतं, आणि वीज कमी-जास्त झाली तर दोन्ही एकदम जळू शकतात. काम झालं की डिस्क काढून घरी न्या. गूगल ड्राइव्हचं नुसतं सिंकही पुरेसं नाही: इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्या. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखालच्या कपाटात त्याहून जास्त तापतं. पेन ड्राइव्हमधला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि उष्णतेने तो भार लवकर झिरपतो. वर्षानुवर्षांचा हिशेब एकट्या पेन ड्राइव्हवर ठेवू नका.

ही चाचणी महिन्यातून एकदा करा आणि तारीख डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहा. एप्रिलमध्ये मात्र पहिल्याच आठवड्यात करा. नवी कंपनी यादीत आली की नाही, ते तेव्हाच दिसतं.