इलेक्ट्रिक ऑइल पंप बसवताय? या चुका टाळा

‘इंजिनात ऑइल फिरवणारा मूळ पंप काढून विजेवरचा बसवा, इंजिनावरचा भार कमी होईल,’ असं सांगत अधूनमधून कोणीतरी गॅरेजात येतंच. पहिली चूक इथेच होते. हिशेब करून बघा. 4 बार दाबाने मिनिटाला 40 लिटर ऑइल ढकलायला सुमारे 270 वॉट लागतात. पंप-मोटरमध्ये निम्मी ताकद वाया जाते असं धरलं तर 540 वॉट, म्हणजे 12 व्होल्टला 45 अँपिअर. ही वीज देणार अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरला फिरवणार तोच क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), ज्यावर मूळ पंप चालतो! त्यात पहाटेचं थंड ऑइल. 15डब्ल्यू-40 प्रतीचं ऑइल 40 अंशांनाही 100 अंशांपेक्षा सात-आठपट घट्ट असतं, मोटरचा घाम निघतो.

मग हा पंप निकामीच का? अजिबात नाही. क्रँकवरचा पंप जास्त आरपीएमला गरजेपेक्षा जास्त ऑइल फेकतो आणि उरलेलं रिलीफ व्हॉल्व्हमधून परत सोडतो. विजेवरचा हवं तेवढंच देतो. इंजिन बंद असतानाही चालतो, म्हणून स्टार्ट-स्टॉपच्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आणि हायब्रिडमध्ये तो कंपनीच बसवते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सुरू करण्याआधी बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचवायलाही उत्तम. जोडीला ठेवा, मूळ पंपाच्या जागी नको. मूळ पंप अचानक बंद पडला असं क्वचितच होतं. विजेवरचा मात्र एका फ्यूजवर लटकलेला असतो.

दुसरी चूक वायरिंगची, आणि ती मी स्वतः निस्तरली आहे. एका गाडीत टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) इतका खाली बसवला होता की त्यातलं ऑइल आपल्या वजनाने सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) परत जाईना, म्हणून खेचायला छोटा इलेक्ट्रिक पंप. महिनाभरात सायलेन्सरमधून निळा धूर. मालक टर्बो गेला म्हणून हवालदिल. पंपाचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) उपसला तर सॉकेटचं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं, आतली पिन बोटाने हलत होती. पंप मध्येच थांबायचा, टर्बोत ऑइल तुंबायचं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरायचं. पिन आणि सॉकेट बदललं, जाड वायर टाकली, अर्थिंग रंगावर नाही तर घासलेल्या पत्र्यावर घेतलं. टर्बो ठणठणीत होता. फुकटचा खर्च वाचला.

तिसरी चूक म्हणजे डॅशबोर्डवरचा किटलीचा लाल दिवा (ऑइलचा दाब कमी झाल्याची खूण) लागला की थेट पंपाला दोष देणं. आधी इंजिन बंद करा. ‘रेस देऊन बघू’ हा प्रकार तर नकोच. तो दिवा बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास घसरल्यावरच लागतो, म्हणजे उशीर झालेलाच असतो. डिपस्टिक बघा. मग ऑइलच्या दाबाचा सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि अगदी थोडा वेळ इंजिन चालवून दाब मोजा. गेजवर दाब नीट असेल तर दोष सेन्सरचा किंवा वायरचा. दाब खरंच कमी असेल तर सम्प उतरवून पंपाच्या तोंडाची गाळणी तपासा. सम्प चिकटवताना कोणी सिलिकॉन सढळ हाताने लावलं असेल तर त्याच्या सुतळीसारख्या लोळ्या जाळीवर बसलेल्या सापडतात. नवा पंप त्याच जाळीतून काय ओढणार?

आणि बसवलाच असेल तर पंपाची वीज तुटताच बझर वाजेल अशी जोडणी करून घ्या. जोडणी झाल्यावर गाडी आयडलवर ठेवून पंपाचा फ्यूज क्षणभर उपसा. बझर वाजला नाही तर गाडी बाहेर काढू नका.