द्राक्ष एक्स्पोर्ट करायचीत? मग या चुका टाळा

जानेवारी लागला की फोन सुरू, "भाऊ, परवा ऑडिट आहे, फवारणीची डायरी भरायची राहिलीय, काय लिहू?" अरे, गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) तीन महिने डायरी कुठं होती?

एका रात्रीत डायरी भरणं माझ्या फार डोक्यात जातं, कारण मी स्वतः केलंय. निफाडचा आमचा थॉमसन जातीचा दीड एकर पहिल्यांदा ग्लोबलगॅपला (युरोपातले खरेदीदार मागतात ते चांगल्या शेतीचं सर्टिफिकेट) बसवला होता, रात्री दोनपर्यंत एकाच निळ्या पेनानं सगळ्या फवारण्या उतरवल्या, अक्षर तर असं की शाळेत बक्षीस मिळालं असतं. ऑडिटर काही बोलला नाही, फक्त औषधांची बिलं मागितली. डायरीत फवारणी ७ नोव्हेंबरची आणि बिल १२ चं! म्हणजे बाटली दुकानात आणि औषध बागेत. वर ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) चालवणाऱ्याचं नाव लिहिलेलं तो पोरगा हजेरीत त्या दिवशी सुट्टीवर. घाम फुटला राव. तेव्हापासून डायरी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, पेन सुतळीनं बांधलेलं. ब्लोअर धुवायच्या आधी तारीख, प्लॉट, औषध, डोस, पीएचआय (फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं ते) लिहायचं आणि बॅच नंबर दिसेल असा बाटलीचा फोटो काढायचा. पानांवर औषधाचे डाग पडतात, पडू दे.

दुसरं ते फुकटचं 'टॉनिक'. लेबलवर घटकच नाही, पण शेजाऱ्याचे मणी फुगले म्हणून आपणही मारायचं. युरोपात ज्या औषधाच्या फळातल्या अंशाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते, तिथं चमचाभर भेसळ पण महागात पडते. २०१० ला सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणारं औषध, क्लोरमेक्वाट क्लोराइड) अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, हे नव्या पोरांना माहीतच नाही, त्यांना घाई फक्त साइजची. घटक लिहिलेला नसेल तर मी बाटली गेटच्या आत येऊ देत नाही, दुकानदार नातेवाईक असला तरी.

ग्रेपनेटची (अपेडाची एक्स्पोर्टच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन सिस्टिम) नोंदणी प्लॉटवार असते, त्यामुळे माल कमी पडला म्हणून भावाच्या नोंद नसलेल्या बागेतले चार क्रेट घुसवू नका. नोंदणी दरवर्षी रिन्यू करा. आता काही सुपरमार्केटवाले पाण्याचा हिशोबही मागतात, तेव्हा ड्रिपला मीटर बसवा, अंदाजपंचे आकडे लगेच कळतात. आणि मजुरांचे हातमोजे ऑडिटच्या सकाळी पाकिटातून काढू नका, घड्या दिसतात.